भोरड्यांचा म्होरक्या कोण?

सोलापुरात थंडी उतरली की तलावाकाठच्या आमच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी एक सोहळा होतो. दिवस कलतो, उन्हाचा ताव उतरतो आणि शेतांच्या बाजूनं पंधरा-वीस पाखरांची पहिली झुंड येते. मागून दुसरी, मग चार दिशांनी चार. बघता बघता पाण्यावर हजारो पाखरांचा ढग तयार होतो. तो ताणला जातो, मुरडतो, पिळल्यासारखा होतो, मधेच फुटून दोन होतो आणि पुन्हा एकात एक मिसळतो. अर्धा तास हे चालतं. मग नरसाळ्यातून धान्य ओतावं तसा सगळा थवा एका मोठ्या पिंपळात उतरतो आणि झाड कलकलाटानं भरून जातं.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, मी असाच उभा होतो. शिकवणीहून परतणारा एक मुलगा सायकल थांबवून शेजारी आला. बराच वेळ मान वर करून पाहिल्यावर त्यानं विचारलं, “काका, यांचा लीडर कोणताय?”

या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. हजारो पाखरं एकदम वळतात, ती कुणाच्या इशाऱ्यावर? वळताना एकमेकांवर आदळत कशी नाहीत? आणि बाहेर एवढा मोकळा माळ असताना रात्र काढायला त्यांना गजबजलेल्या रस्त्यावरचं झाडच का लागतं?

पाहुणी कुठली?

या पाखराला आपल्याकडे भोरडी म्हणतात. पळसमैना आणि गुलाबी मैना ही तिचीच नावं. आकारानं साळुंकीएवढी. डोकं, पंख आणि शेपूट काळं, बाकी अंग फिकट गुलाबी. हिवाळ्यात तिचा गुलाबी रंग मळकट दिसतो, कारण नव्या पिसांच्या कडा मातकट असतात. वापरून वापरून त्या कडा झिजतात आणि वसंतात खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. नवं पीस न येता नुसत्या झिजण्यानं ती नटते. पहिल्याच वर्षीची पिल्लं मात्र मातकट आणि पिवळसर चोचीची असतात.

तिचं माहेर पूर्व युरोपपासून कझाकस्तान आणि चीनच्या शिंजियांगपर्यंत पसरलेल्या गवताळ मैदानांत आहे. मे-जूनमध्ये तिथं टोळ आणि नाकतोड्यांचा सुकाळ होतो. त्याच मुहूर्तावर दगडांच्या कपारींत हजारो घरटी शेजारी शेजारी लागतात. अंडी उबायला साधारण पंधरवडा आणि पिल्लं उडायला तीन-साडेतीन आठवडे पुरतात. टोळ कमी झाले की वस्ती उठते. म्हणून जुलै-ऑगस्टपासूनच भोरड्या भारतात दिसू लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत राहतात. वर्षाचा मोठा हिस्सा ही पाखरं आपल्याच देशात काढतात. त्यांना नुसतं ‘विदेशी पाहुणे’ म्हणणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

आधी जमवाजमव, मग मुक्काम

रात्री एकत्र झोपण्याच्या जागेला पक्षी निरीक्षक रातथारा म्हणतात. भोरड्या शेतातून थेट रातथाऱ्यावर येत नाहीत. आधी त्या वाटेतल्या विजेच्या तारांवर, बाभळींवर, मोबाइलच्या मनोऱ्यांवर थांबतात. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या माणसांनी एसटीच्या थांब्यावर जमावं आणि मग एका गाडीनं पुढं जावं, तसे हे छोटे थवे जमत जमत मोठे होतात.

निघण्याची वेळ त्यांना उजेड सांगतो. उजेड ठरावीक पातळीच्या खाली गेला की पावलं घराकडे वळतात. आभाळ भरून आलेलं असेल त्या दिवशी पाखरं लवकर येतात. निरभ्र संध्याकाळी थोडी रेंगाळतात. हे ताडून पाहायला घड्याळ आणि आठवडाभराची चिकाटी पुरेशी आहे.

रोमच्या गच्चीवरून मोजलेला थवा

आता मुलाचा प्रश्न. हजारो पाखरं एका क्षणात वळलेली पाहून जुन्या निरीक्षकांनाही कोडं पडलं होतं. एडमंड सेलूस या इंग्रज पक्षी निरीक्षकानं आयुष्यभर थवे पाहिले आणि १९३१ साली पुस्तक लिहून असं सुचवलं की पक्ष्यांच्या मनातला विचार एकाच क्षणी सगळ्यांत पोचत असावा. डोळ्यांना दिसत होतं ते इतकं अजब होतं की त्याला दुसरा खुलासा सुचला नाही.

त्या खुलाशाची गरज नाही हे १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं दाखवलं. त्यानं संगणकाच्या पडद्यावर खोटी पाखरं सोडली आणि प्रत्येकाला तीनच नियम दिले. शेजाऱ्याच्या फार जवळ जाऊ नकोस. शेजारी ज्या दिशेला चाललेत तीच दिशा धर. शेजाऱ्यांपासून फार लांब पडू नकोस. म्होरक्या नेमला नव्हता, नकाशा दिला नव्हता. तरी पडद्यावर खऱ्यासारखा थवा उडू लागला.

खरी पाखरं असंच वागतात का, हे पाहायला मात्र प्रत्येक पाखराची हवेतली जागा मोजावी लागणार होती. ते काम रोममध्ये झालं. तिथं हिवाळ्यात युरोपातल्या ठिपकेदार मैना लाखांनी येतात. भोरडीचीच ती चुलत बहीण. इटलीच्या भौतिकशास्त्रज्ञांनी रेल्वे स्थानकाजवळच्या एका जुन्या वास्तूच्या गच्चीवर एकमेकांपासून दूर कॅमेरे बसवले आणि एकाच क्षणी सगळ्यांतून छायाचित्रं घेतली. आपल्याला दोन डोळ्यांमुळे वस्तू किती लांब आहे ते कळतं, तीच युक्ती. एकेका थव्यातल्या शेकडो-हजारो पाखरांची जागा अशी निश्चित झाली. या प्रकल्पात जॉर्जो पारिसी होते. गुंतागुंतीच्या रचनांवरील कामासाठी त्यांना पुढे २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

सहा-सात शेजारी

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीतून निघालेलं उत्तर साधं आहे. थवा कितीही मोठा असो, प्रत्येक पाखरू फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवर लक्ष ठेवतं.

हे समजायला आषाढीच्या वाटेवरची दिंडी आठवा. मागच्या रांगेतल्या टाळकऱ्याला पुढचा विणेकरी दिसत नाही. त्याला दिसतात पुढच्या दोघांच्या पाठी, डावी-उजवीकडचे खांदे आणि त्यांची पावलं. पुढची पावलं थांबली की तो थांबतो, फुगडी सुरू झाली की मागे सरतो. अशी प्रत्येकानं आपली जवळची माणसं धरली की मैलभराची दिंडी तुटत नाही. थव्यात तर विणेकरीही नसतो.

यातली खरी गंमत ‘सहा-सात’ या आकड्यात आहे. पाखरं ‘पाच फुटांच्या आतले सगळे’ असा हिशेब ठेवत नाहीत. अंतर कितीही असो, सगळ्यांत जवळचे सहा-सात, एवढंच ती धरतात. समजा नियम पाच फुटांचा असता आणि ससाण्याच्या धाकानं थवा विरळ झाला असता, तर पाच फुटांत कुणीच उरलं नसतं आणि थव्याची शकलं झाली असती. शेजारी मोजून धरले की थवा दाट होवो वा विरळ, धागा तुटत नाही. घाटात रस्ता अरुंद झाला तर दिंडी दाटते, माळावर पांगते, पण आपल्या गावची चार माणसं नजरेआड होत नाहीत, तसंच हे.

मग सहा-सातच का? दोन-तीनच शेजारी पाहिले तर एखाद्याच्या चुकीनं दिशा बिघडते. वीस जणांकडे पाहायचं तर लक्ष पुरत नाही. कमी कष्टात जास्तीत जास्त एकी राखायची तर सहा-सात ही नेमकी संख्या ठरते, असं नंतरच्या गणिती अभ्यासातही दिसलं.

वळण्याचा इशाराही असाच शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातो. रोमच्या थव्यांत तो सेकंदाला २० ते ४० मीटर वेगानं पसरताना मोजला गेला. म्हणजे साठ मीटर लांबीचा थवा दीड ते तीन सेकंदांत पूर्ण वळतो. वळणाची सुरुवात कडेच्या मूठभर पाखरांकडून होते. आज ही, उद्या ती. कायमचा पुढारी कुणीच नाही. आपल्याला सगळं एकदम घडल्यासारखं वाटतं, कारण आपली नजर तेवढी चपळ नाही. सेकंदाला साठेक वेळा लुकलुकणारा दिवा आपल्याला सलग पेटलेला दिसतो. काही छोट्या पक्ष्यांना मात्र सेकंदाला शंभराहून अधिक वेळा झालेली उघडझापही वेगळी दिसते. शेजाऱ्याच्या पंखाची जी हालचाल आपल्याला पुसट वाटते, ती त्यांना सुटी सुटी दिसते.

ससाणा आला की

एका संध्याकाळी थव्यावर अचानक काळी पट्टी उमटली आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरसर गेली, पाण्यावरून वाऱ्याची झुळूक जावी तशी. दुर्बीण वर नेली तेव्हा कारण दिसलं. थव्याच्या वरच्या अंगाला बहिरी ससाणा होता. सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पलीकडे जातो. समोरासमोरच्या शर्यतीत भोरडी त्याच्यापुढे टिकणार नाही. तिचा बचाव गर्दीत आहे.

ससाण्याजवळची पाखरं झटकन कुशीवर होतात आणि दिशा बदलतात. त्यांचं पाहून पुढची, मग त्यापुढची. सरळ उडणारं पाखरू कडेनं बारीक रेघेसारखं दिसतं. कुशीवर झालं की पसरलेल्या पंखांची पूर्ण रुंदी दिसते. म्हणून ती जागा आपल्याला काळी भासते. काळी पट्टी म्हणजे थव्यातून धावत गेलेली सावधगिरीची सूचना.

रोमच्या मोजणीत आणखी एक गोष्ट कळली. थवा चेंडूसारखा भरीव नसतो. तो चादरीसारखा पसरट असतो आणि मधल्यापेक्षा कडेला अधिक दाट असतो. चादर सपाट दिसली की थवा फिका, कडेनं दिसली की गडद. आभाळात मिनिटामिनिटाला बदलणारी नक्षी बरीचशी अशी घडते.

एवढ्या गर्दीत झोपायचं कशाला?

पहिलं कारण साधा भागाकार. दहा पाखरं असतील आणि ससाण्यानं एक नेलं, तर माझ्यावर पाळी येण्याची शक्यता दहात एक. दहा हजार असतील तर दहा हजारांत एक. शिवाय कडेला धोका जास्त, म्हणून प्रत्येकाला मध्यभाग हवा असतो. विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञानं १९७१ साली हे नेमकं मांडलं. प्रत्येकजण स्वतःचा जीव वाचवायला आत सरकतो, आणि त्यातूनच कळप बनतो.

झाडावर हे अगदी जवळून दिसतं. दुर्बिणीतून मी एकच फांदी धरून बसलो होतो. तिच्यावर ओळीनं भोरड्या होत्या, दोघींमध्ये जेमतेम चोच पोचेल एवढी जागा. एक नवी मधेच घुसली. शेजारणीनं मान लांबवून टोचा मारला, दोन्ही फडफडल्या, आणि एका टोकाची तिसरीच घसरून खालच्या फांदीवर गेली. उरलेल्यांनी थोडं थोडं सरकून पुन्हा तेवढंच अंतर केलं. उतरल्यावर अर्धा तास चालणारा कलकलाट बराचसा या जागेच्या ओढाताणीचा असतो. मध्यभागी वारा कमी लागतो. खालच्या फांद्यांवर वरच्यांची विष्ठा पडते. जागेला मोल आहे.

दुसरं कारण आळीपाळीची जाग. बदकांच्या रांगांवर १९९९ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की टोकाचं बदक मेंदूचा अर्धाच भाग झोपवतं आणि बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं. मधली मात्र दोन्ही डोळे मिटून निवांत झोपतात. जत्रेच्या मुक्कामात कडेच्या माणसानं सामानावर हात ठेवून डुलकी घ्यावी, तशी ही सोय.

तिसरं कारण बातमीचं. पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी यांनी १९७३ साली असा विचार मांडला की रातथारा ही पक्ष्यांची चावडी असते. काल भरपेट जेवलेलं पाखरू सकाळी न घुटमळता थेट निघतं. उपाशी राहिलेलं त्याच्या मागे लागतं आणि नवं शेत सापडतं. सगळ्याच जातींना हे लागू होतं असं नाही, यावर आजही वाद आहेत. पण भोरड्यांचं अन्न आज एका शिवारात तर उद्या दुसऱ्याच असतं. अशा पाखरांना ही चावडी कामी येत असणार, हे पटण्यासारखं आहे.

पहाटेचं निघणंही टप्प्याटप्प्यानं होतं. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रडारच्या पडद्यांवर पहाटे एकाबाहेर एक पसरत जाणारी वर्तुळं दिसू लागली. शोध घेता कळलं की रातथाऱ्यावरून निघणाऱ्या मैनांच्याच त्या लाटा होत्या. पाण्यात खडा टाकल्यावर उमटावीत तशी.

शहरच का?

शहराचे दगड, डांबर आणि सिमेंट दिवसभर तापतात आणि रात्री ऊब सोडत राहतात. माळावरच्या हिवाळी रात्रीपेक्षा शहरातली रात्र उबदार असते. साठ-सत्तर ग्रॅम वजनाच्या जिवाला हा फरक फार मोठा आहे. रात्रभर अंग गरम ठेवायला दिवसभर खाल्लेलंच जाळावं लागतं. दिव्यांच्या उजेडात घुबडाची चाहूल लवकर लागते. रानमांजरासारखे शत्रूही शहरात कमी. जवळ तलाव असला की पाण्याची सोय होते आणि आभाळात घिरट्या घालायला मोकळी जागा मिळते.

आणि मोठी, जुनी, दाट झाडं. शेतशिवारातल्या बांधांवरचे वड-पिंपळ कमी होत गेले. शहरात ते देवळापाशी, तलावाकाठी, जुन्या रस्त्यांच्या कडेला टिकून आहेत. हजारो पाखरांना एका जागी सामावणारं झाड घडायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. दहा नवी रोपं लावून ती जागा भरून निघत नाही.

चौकट : थोडक्यात

• भोरडी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वीण करते. वर्षाचा मोठा काळ मात्र भारतात राहते.
• थव्याला पुढारी नसतो. प्रत्येक पाखरू जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे पाहून उडतं.
• वळण्याचा इशारा थव्यातून सेकंदाला २० ते ४० मीटर वेगानं पसरतो.
• काळी पट्टी सरकली तर वर पाहा. बहुधा ससाणा असतो.
• एकत्र झोपण्यामागे सुरक्षितता, आळीपाळीची जाग आणि अन्नाची बातमी ही कारणं आहेत.
• पाहायचं असेल तर ऑक्टोबर ते मार्च, सूर्यास्ताआधी अर्धा तास पोचा. पाण्यापलीकडून पाहा. झाडाखाली उभं राहू नका, टाळ्या वाजवू नका, झाडावर प्रकाशझोत टाकू नका.

शेतातला हिशेब

शेतकऱ्याला या पाखरांचं कौतुक सांगताना जपून बोलावं लागतं. ज्वारीच्या कणसात दूध भरलं, हुरड्याचे दिवस आले की भोरड्यांची धाड पडते. मग माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा वाजवायचा आणि ओरडून घसा बसवायचा. हे नुकसान खरं आहे आणि ते सोसणाऱ्याचा राग रास्त आहे.

पण वहीचं दुसरं पानही वाचायला हवं. कापणी झालेल्या रानात हीच पाखरं नाकतोडे आणि अळ्या टिपत जातात. मागची पाखरं पुढच्यांच्या डोक्यावरून उडून पुढे उतरतात, आणि थवा लाटण्यासारखा रान लाटत पुढे सरकतो. शिंजियांगमध्ये टोळांच्या बंदोबस्तासाठी १९८० च्या दशकापासून या पाखरांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचले गेले. आपल्याकडे फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलले की मधासाठी त्या फुलांत चोच खुपसतात आणि कपाळाला लागलेले परागकण झाडोझाडी पोचवतात. पळसमैना हे नाव त्यांनी असं कमावलं आहे.

शहरात आपल्याला करण्यासारखं मोजकंच आहे आणि ते अवघड नाही. रातथाऱ्याच्या झाडाची हंगामात सरसकट छाटणी करू नये. विष्ठेचा त्रास होतो हे मान्य, पण गाड्या चार महिने पलीकडे लावता येतात. संक्रांतीला नायलॉनचा मांजा आणू नये. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्यावर बंदी घातली आहे. संध्याकाळी परतणाऱ्या थव्याला तो दोरा दिसत नाही आणि तुटतही नाही.

मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “लीडर कुणीच नाही. प्रत्येकजण आपल्या सहा-सात शेजाऱ्यांकडे बघतो.” त्यानं क्षणभर विचार केला. म्हणाला, “म्हणजे आमच्या लेझमीसारखं. शिट्टी ऐकूच येत नाही गर्दीत. मी आपला पुढच्या दोघांच्या पायाकडं बघतो.”

तोवर ढग झाडात उतरला होता. कलकलाट चढत गेला, शिगेला पोचला आणि दिवे लागल्यावर कुणी गार पाणी टाकून उकळी बसवावी तसा बसत गेला. एक उशिरा आलेली भोरडी झाडाभोवती दोनदा फिरली आणि कडेच्या फांदीवर टेकली. तिच्या शेजारच्या चौघी-पाचजणी थोड्या आत सरकल्या. मुलानं ते पाहिलं, सायकलला टांग मारली आणि “उद्या पण येतो, काका” म्हणून निघाला.